खानापूरच्या लग्नापर्यंत: आवाज-गर्दी न सोसणाऱ्या मुलासोबतच्या फेऱ्यांची नोंद

मुलगा सात वर्षांचा, वजन २१ किलो. बोलतो, पण ताण आला की बोलणं आधी बंद पडतं. अचानक होणारा आवाज, ओझरता स्पर्श, ओले पाय आणि उग्र वास हे चार शत्रू. घर बेळगावातल्या शहापूरला. ४ मे रोजी खानापुरात लग्न, अंतर साधारण २६ किलोमीटर, अक्षता दुपारी साडेबाराला. ठरवलेलं काम एवढंच: अक्षतांना हजर राहायचं आणि न कोसळता, म्हणजे ताण हाताबाहेर न जाता, परत यायचं. दिवसभर थांबणं यादीत नव्हतंच.

मोजमाप एकच ठेवलं, 'पहिल्या खुणेपर्यंतची मिनिटं'. खूण म्हणजे कोसळण्याआधी दिसणारं लक्षण. किती वेळ तग धरला हे मोजलं नाही, कारण त्या आकड्याच्या नादात माणूस थांबत राहतो.

९ फेब्रुवारी

आठवडाभर घरातच निरीक्षण. कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारची ग्रिलची कापणी, आंघोळीनंतरचा टॉवेल. प्रत्येक वेळी कोसळण्याआधी काय दिसतं ते वहीत लिहिलं. क्रम जवळपास ठरलेला निघाला: आधी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ("घरी कधी?"), मग शर्टाची कॉलर ओढणं, मग टाचा उचलून चवड्यांवर चालणं, मग बाही तोंडात, मग 'हूं' असा एकसुरी आवाज. तिथून पुढे तीन-चार मिनिटांत सगळं हाताबाहेर.

म्हणजे पहिली खूण हा प्रश्न होता आणि त्याला आजवर "थांब रे जरा" असं उत्तर मिळत होतं. खर्च शून्य, आणि सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला आठवडा हाच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गणपत गल्ली, संध्याकाळी साडेपाच. पहिली खूण सहाव्या मिनिटाला, अकराव्या मिनिटाला रस्त्यावर लोळण. परतायला रिक्षा मिळेना, वीस मिनिटं एका दुकानाच्या पायरीवर गेली.

चुका तीन, तिन्ही घरात बसून टाळता आल्या असत्या. शनिवार म्हणजे बेळगावचा बाजाराचा दिवस. शाळा सुटल्यावरची वेळ, म्हणजे मूल आधीच भरलेलं. आणि आवाज अडवणारे इअरमफ त्याच दिवशी, त्याच गर्दीत पहिल्यांदा कानावर चढवले. ते मोठ्या माणसाच्या मापाचे होते, कारखान्यात वापरतात तसले, ३८० रुपयांचे. डोकं इतकं आवळलं की आवाजापेक्षा त्यांचाच त्रास झाला. ३८० रुपये पाण्यात.

१८ ते २८ फेब्रुवारी

इअरमफची सवय, फक्त घरात. मुलांच्या मापाचे मागवले, १,२५० रुपये. नवीन असताना तेही घट्टच असतात. डोक्याच्या रुंदीपेक्षा बोटभर जाड वह्यांच्या थप्पीवर तीन रात्री ताणून ठेवले, तेव्हा पट्टी सैल पडली. पाकिटावर २५ डेसिबल आवाज कमी होतो असं लिहिलं असलं तरी कानावर तेवढं मिळत नाही. केस मध्ये आले, चष्म्याची काडी आली की फट राहते आणि आवाज तिथूनच शिरतो.

पहिले दोन दिवस नुसते हातात. मग आवडतं चित्रांचं पुस्तक बघताना दोन मिनिटं, मग पाच, मग मिक्सर चालू असताना दहा. घालायचे आणि काढायचे त्यानंच, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आठव्या दिवशी कुकर लावताना स्वतःच जाऊन घेऊन आला.

दिवसभर घालू दिले नाहीत. कान शांततेला सरावले की साधा आवाजही टोचू लागतो. आवाजाच्या जागी घालायचे, बाहेर आलं की काढायचे.

याच दिवसांत मांडीवर ठेवायची वजनदार पिशवी शिवली. पहिली तांदळाची, एक किलोची. पंधरवड्यात किडे पडले. दुसरी चिंचोक्यांची: धुऊन, कडकडीत वाळवून, दुहेरी कापडात, चार कप्पे करून, म्हणजे सगळं एका कोपऱ्यात गोळा होत नाही. वजन तेच, मुलाच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास. मांडीवरच ठेवायची, छातीवर किंवा झोपेत अंगावर नाही. काही मुलांना अशा वजनानं काहीच फरक पडत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे) जात असाल तर आधी तिथे विचारा.

२ मार्च, रविवार

किल्ला, सकाळी साडेसात. खंदक, तटबंदी, कमल बस्तीच्या (किल्ल्यातल्या जैन मंदिराच्या) बाहेरची सावली. चाळीस मिनिटं, एकही खूण नाही.

ही फेरी फुकटची वाटेल, पण हेतू वेगळा होता. मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. स्थानकावर बिनसलं तर न्यायची जागा आधी चांगल्या मूडमध्ये ओळखीची झालेली असली पाहिजे. बिनसल्यावर अनोळखी कोपऱ्यात नेलं तर तो कोपराही धोक्यात जमा होतो. किल्ला तलावाकाठचा ११० मीटर उंच झेंड्याचा खांब लांबूनही दिसतो, त्यामुळे 'खांबाकडे जायचं' हे वाक्य ठरलं. दोन शब्द, कुठेही बोट दाखवून सांगता येतात.

६ मार्च

बसस्थानक, सकाळी साडेदहा. बसमध्ये चढायचं नाही, नुसतं उभं राहायचं. इअरमफ घातलेले. पहिली खूण अकराव्या मिनिटाला, बाराव्याला बाहेर, खांबाकडे. कोसळला नाही.

इथे अंदाज चुकला होता. हॉर्न आणि फलाटावरच्या घोषणा हे कारण धरून चाललो होतो. वही पाहिली तर घोषणा चालू असताना तो ठीक होता. बिनसलं ते शांत वेळात, बस न येता नुसतं उभं राहावं लागलं तेव्हा. वाट बघणं हाच मोठा भार, कारण कधी संपणार ते कळत नाही.

उपाय असा निघाला: बसच्या पाट्या कन्नडमध्ये. 'खानापूर' हे नाव कन्नड अक्षरांत मोठं छापून कार्ड केलं. प्रत्येक बस आली की कार्डाशी अक्षरं जुळवून बघायची, नाही जुळली तर बोट दुमडायचं. वाट बघण्याचं काम झालं. आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या माणसांना त्या पाट्या वाचता येत नाहीत, त्यामुळे कार्डाचा उपयोग दुहेरी.

९ मार्च

शहरातली बस, स्थानक ते शहापूर. वाट बघण्याची चौदा मिनिटं कार्डानं निघाली, तोवर खूण नाही.

जागेबद्दल: ड्रायव्हरजवळची सीट नको, इंजिन तिथेच असतं, घरघर आणि धग दोन्ही पायाला लागतात. शेवटची ओळ नको, मागच्या चाकाच्या मागे गेलेला भाग गतिरोधकावर उसळतो. दोन्ही चाकांच्या मधली, खिडकीकडची सीट, आणि मोठं माणूस वाटेच्या बाजूला, म्हणजे उभ्या प्रवाशांची पिशवी मुलाला घासत नाही. दारापासून दोन ओळी तरी लांब, कंडक्टरची शिट्टी दारातच वाजते.

तिकिटाची भानगड निराळी. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बाईमाणसाला शून्य रकमेचं तिकीट, त्यासाठी आधार दाखवायचं. ते पर्समध्ये शोधेपर्यंत कंडक्टर मुलाच्या डोक्यावर वाकून उभा राहिला आणि लाडानं गालाला हात लावला. तिथे पहिली खूण. पुढच्या वेळेपासून आधार आणि मुलाच्या अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे चढण्याआधीच हातात.

१३ ते १९ मार्च

होळीपासून रंगपंचमीपर्यंत एकही फेरी नाही. रंग, पाणी, अचानक अंगावर येणारी माणसं, सगळं एकदम. या दिवसांत सराव करायचा मोह टाळा.

रिकाम्या वेळात कार्डं केली. आठ कार्डं, छपाई आणि लॅमिनेशनसकट २०० रुपये. सहा मुलासाठी (बस, दुकान, खांब, पाणी, टोपी, घर), दोन लोकांसाठी. लोकांसाठीच्या कार्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही: "मुलाला आवाजाचा त्रास होतो, कृपया हात लावू नका." कन्नडमध्ये "मगुविगे शब्ददिंद तोंदरे आगुत्तदे, दयविट्टु मुट्टबेडि." कार्ड वाचायला कुणी थांबत नाही हे नंतर कळलं. तोंडानं "मुट्टब्याड्री" म्हटलं की हात लगेच मागे जातो. कार्ड पोलिसांसाठी, दवाखान्यासाठी आणि हट्टानं कारण विचारणाऱ्यांसाठी राखून ठेवलं.

२४ मार्च, सोमवार

लग्नाचे कपडे. मारुती गल्ली, सकाळी दुकानं नुकतीच उघडलेली असताना. मापाचा जुना कुर्ता सोबत नेला, अंगावर घालून बघणं टाळलं. नऊ मिनिटांत बाहेर, खूण नाही.

जरीचा कुर्ता घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं, पण घरच्यांच्या आग्रहापुढे गळ्याला बारीक जरीकाठ असलेला घेतला. चूक. घरी पाच मिनिटंही अंगावर टिकला नाही. शिंप्याकडून गळ्याला आणि बाह्यांना आतून जुन्या सुती धोतराचं अस्तर लावून घेतलं, १५० रुपये. मागचं लेबल कातरून नाही, उसवून काढायचं. कातरलं की राहिलेली कड आणखी टोचते. मग चार वेळा धुतला, इस्त्री नाही, स्टार्च नाही. लग्नाआधी दहा दिवस रोज अर्धा तास घरात घातला.

८ एप्रिल, मंगळवार

कपिलेश्वर मंदिर, सकाळी सात. सोमवार मुद्दाम टाळला. घंटेसाठी इअरमफ होते, घंटेनं काहीच केलं नाही. चूक पायाखाली झाली: फरशी नुकतीच धुतलेली. चप्पल काढताक्षणी ओला तळवा, पहिली खूण दुसऱ्या मिनिटाला. दर्शन न घेता परत.

दुसरी फेरी १० एप्रिल, जाड सुती मोजे घालून, पिशवीत दोन जास्तीचे जोड. मोजे भिजले की पायरीवर बसून बदलले. तेरा मिनिटं झाली. कपाळाला कुंकू लावू पाहणाऱ्या हातापुढे मुलाचाच तळहात पुढे करायचा, 'हातावर द्या' म्हणायचं. प्रसाद चिकट असेल तर कागदाच्या द्रोणात. कापराचा धूर उलट्या वाऱ्यानं आला तर दारातूनच नमस्कार.

१२ एप्रिल

वडगावात बारसं. रंगीत तालीम म्हणून निवडलेलं, कारण माणसं पन्नासच आणि डॉल्बी नाही. अख्ख्या कामातला सर्वांत वाईट दिवस.

पहिली खूण सातव्या मिनिटाला दिसली. निघायला हवं होतं. "पाळणा होईपर्यंत थांबा" या आग्रहात आणखी बारा मिनिटं गेली. तीन नातेवाइकांनी लागोपाठ गाल ओढले, एका काकांनी गंमत म्हणून इअरमफ काढून घेतले. त्यानंतर किंचाळणं, डोकं भिंतीवर.

काय केलं ते क्रमानं. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये चिंचोक्यांची पिशवी धरली. बोलणं पूर्ण बंद. 'शांत हो' हेही बोलणंच. खोलीतली माणसं बाहेर, पंखा आणि दिवा बंद. हलका हात अजिबात नाही, थोपटणंही नाही. ओझरता स्पर्श अशा वेळी चटका बसल्यासारखा लागतो. त्याला चालतो तसा घट्ट दाब खांद्यांवर देऊन पाहिला, त्यानं झटकला, लगेच सोडून दिला. मग नुसतं तीन फुटांवर जमिनीवर बसणं. पस्तीस मिनिटं लागली. शेवटी पाणी, मग फुटाणे. कडक चावायला मिळालं की जबडा सैल होतो. उरलेला दिवस घरी अंधाऱ्या खोलीत, दुसऱ्या दिवशी शाळा नाही.

हा हट्ट नव्हता. हट्टात मूल तुमच्याकडे बघत असतं आणि मागितलेली वस्तू मिळाली की थांबतं. इथे मागणीच नव्हती, आणि म्हणून खाऊ देऊन, दम देऊन किंवा समजावून काही होत नाही.

त्याच रात्री दोन नियम वहीत आले. पहिली खूण दिसली की दोन मिनिटांत बाहेर, पाळणा हलत असो की नवरा बोहल्यावर चढत असो. आणि निघण्याचा निर्णय एकाच माणसाचा, त्याला कुणी 'पण' म्हणायचं नाही. नातेवाइकांना एक-एक करून फोन झाले. लांबलचक समजावणी कुणी ऐकत नाही. "लांबून हात हलवा, तो आपण होऊन आला तर बोला" एवढं एकच वाक्य प्रत्येकाला. काकांनी ते सगळ्यांच्या आधी मनावर घेतलं, हेही लिहायला हवं.

२० एप्रिल

खानापूर, कार्यालयाची पाहणी. बसनं गेलो, कार्ड जुळवून. कार्यालय त्या दिवशी रिकामं.

पाहून ठेवलेल्या गोष्टी: मागचं दार स्वयंपाकघराकडे उघडतं, म्हणजे फोडणीचा वास, ती वाट नको. बाजूचं दार पार्किंगमध्ये, तीच बाहेर पडायची वाट. जनरेटर त्याच भिंतीला, पण दारापासून वीसेक पावलं लांब. स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे सर्वांत कमी आवाज बाजूच्या दाराजवळ मागच्या ओळीत. वधूपक्षाची खोली दाराला लागून, तिला आतून कडी. संडासात हात वाळवायचं मशीन नाही, हे मोठंच सुख.

एक फसगत झाली. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, खुर्ची सरकवली तरी कानठळ्या बसतात. मुलानं जागा 'वाईट' ठरवली. पाहणी मोठ्या माणसानं एकट्यानं करून फोटो आणायला हवे होते. नंतरचे दहा दिवस तिथे काढलेल्या फोटोंचीच गोष्ट करून रोज दाखवली: गाडी, दार, खुर्ची, तांदूळ, गाडी, घर.

२ मे

शहरात वैशाखातली शिवजयंती, चित्ररथांची मिरवणूक. खिडक्या बंद, तरी रात्रभर डॉल्बीचा ठोका भिंतींतून. इअरमफ उंच पट्टीचा आवाज अडवतात, खालचा ठोका अंगातून येतो, त्यावर घरगुती इलाज सापडलेला नाही. झोप चार तास. झोप तुटली की पहिली खूण निम्म्या वेळात येते, हे वहीत तीनदा दिसलं होतं. म्हणून बसचा बेत रद्द, लग्नासाठी गाडी ठरवली. जाऊन-येऊन, थांबण्यासकट २,००० रुपये. गाडी दारात उभी असणं हेच खरं काम, प्रवास दुय्यम.

४ मे, लग्न

पिशवीत: इअरमफ, चिंचोक्यांची पिशवी, मोठी काळी छत्री (३२० रुपये), मोज्यांचे दोन जोड, फुटाणे, दहीभाताचा डबा, बदलायचा जुना टीशर्ट, कार्डं. सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढला आणि मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिला. गर्दीत पळालाच तर वर्णन सांगत बसायला वेळ नसतो.

११:१५ गाडीतच जेवण. पंगतीचा बेत नाही.

११:४० बाजूच्या दारानं वधूच्या खोलीत. भेट आणि फोटो तिथेच, व्हिडिओचा प्रखर दिवा बंद करायला लावून. स्टेज वगळलं.

११:५५ पुन्हा गाडीत. वरात दारात येईपर्यंत आत राहायचं नाही. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपनं फाटकाशी १०० डेसिबलच्या वर दाखवलं. फोनचा आकडा अचूक नसतो, पण कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठीही १०० डेसिबलला दिवसाला पंधरा मिनिटांचीच मर्यादा सुचवतात. काचा वर, छत्री उघडून मागच्या सीटवर आडवी. खाली छोटी अंधारी झोपडी तयार होते. तिथे वीस मिनिटं.

१२:२५ मागच्या ओळीत, बाजूच्या दाराजवळ. मांडीवर पिशवी. तांदूळ आधीच त्याच्या मुठीत दिले. टाकायला हरकत नसते, अंगावर पडलेले नको असतात, म्हणून मागे भिंत असलेली खुर्ची.

१२:३४ चौथ्या मंगलाष्टकाला "घरी कधी?"

मुहूर्त दोन मिनिटांवर होता. निघालो. दारातून बाहेर पडून, पार्किंगमधूनच त्यानं तांदूळ हॉलच्या दिशेनं टाकले. मग गाडी. आतल्या लोकांनी तेवढी खळखळ केली, ते अपेक्षित होतं.

६ मे

हिशेब: इअरमफ दोन्ही मिळून १,६३०, कार्डं २००, अस्तर १५०, छत्री ३२०, गाडी २,०००. एकूण ४,३००, त्यातले ३८० वाया. कुर्त्याची किंमत धरलेली नाही, तो कसाही लागलाच असता. बसभाडं आणि रिक्षा वेगळी. वेळ बारा आठवडे, त्यातला जवळपास एक बारशानंतर सावरण्यात.

लग्नानंतर झोप दोन रात्री तुटक, तिसऱ्या रात्री ठीक. शाळेला सुट्टी होती म्हणून निभावलं; शाळेच्या दिवसांत मोठ्या फेरीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा लागेल.

जमलेलं नाही ते: पंगत, फोडणीचा वास, डॉल्बीचा ठोका. पंगतीसाठी पुढच्या महिन्यापासून घरात चारच माणसं, स्टीलऐवजी पत्रावळी (ताट-वाट्यांचा खणखणाट टाळायला), पाच मिनिटं.

त्याआधी केस कापणं. मशीन नाही, कात्री. मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला, पावडर आणि ब्रश नको असं आधी सांगून. गळ्याभोवती नायलॉनचा कपडा टोचतो, घरचा जुना सुती पंचा नेणार.